गावातला ज्युदो क्लब की पुण्या-मुंबईची अकादमी?

मे महिना संपत आला की चिपळुणात कुणी ना कुणी मला गाठतंच: "पोरीला ज्युदोची गोडी लागलीय, इथेच ठेवू की पुण्याला पाठवू?" माझी मुलगी दोन्हीकडे शिकली, म्हणून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: चौदा-पंधरापर्यंत इथेच. पुढचं मात्र पोरीगणिक वेगळं.

आधी हॉलचं बोलू, कारण पालक पहिल्यांदा तेच बघतात. आपल्याकडचा क्लब म्हणजे शाळेचा नाहीतर कार्यालयाचा हॉल. लग्न असलं की मॅट उचलून भिंतीला टेकवायचे, दुसऱ्या दिवशी अक्षता झाडून परत अंथरायचे. स्पर्धेची जागा किमान आठ बाय आठ मीटर, तेवढी इथे क्वचितच मिळते. मग कडेशी आल्यावर काय करायचं हे पोरांच्या अंगवळणीच पडत नाही, आणि स्पर्धेत रेषेबाहेर पाऊल राहिलं की शिदो, म्हणजे पंचांची ताकीद, मिळतो. अकादमीचं पारडं इथे सरळ जड. पण लहान जागेला नाक मुरडण्याचंही कारण नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योच्या एका देवळात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, ती बारा तातामींवर, म्हणजे जपानी चटयांवर. पहिल्या वर्षी शिष्य होते नऊ. आपल्या क्लबात याहून जास्त पोरं असतात.

खरा फरक पडायला शिकवण्यात आहे. आमच्या सरांनी पहिला महिनाभर कुणालाच फेकू दिलं नाही. नुसतं पडायचं. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्यावर, आणि पाठ टेकताना पूर्ण हाताची मॅटवर थाप. माझी मुलगी मागे पडताना कोपर टेकवायची. सरांना ते पाठमोरे असतानाही नुसत्या आवाजावरून कळायचं: थाप सपाट वाजली तर बरोबर, ठक्‌ वाजलं तर कोपर. "गो, परत." असं शंभरदा झालं असेल. बारा पोरांत हे ऐकू येतं.

पुढे तिला एका मोठ्या शहरातल्या सुट्टीच्या शिबिरात घातलं. एका बॅचला पन्नासच्या वर मुलं, तिसऱ्याच दिवशी रांदोरी, म्हणजे सरावाची मोकळी कुस्ती. नव्यानेच आलेल्या एका मुलाचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं, कारण त्याने पडताना हात पुढे टेकला. कुणाला दोष देत नाही, पन्नासांत एकाचा हात कुणाला दिसणार? पण त्या दिवसापासून नवख्याला थेट मोठ्या ठिकाणी पाठवा असं मी कुणाला सांगत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. लहान क्लबात जोडीदार तेच ते. आमच्याकडे 48 किलोच्या गटातली मुलगी एकटीच होती. ती कधी दहा किलो जास्त वजनाच्या मुलाशी खेळायची, कधी धाकट्या पोराशी. मोठ्याशी खेळून तोल साधायला शिकली, धाकट्याशी खेळून हात राखून फेकायला शिकली, हे मान्य. पण दोन वर्षांत सगळ्यांची पकड पाठ झाली. कोण कॉलर धरणार, कोण बाही, डोळे मिटून सांगायची. मग विभागीय स्पर्धेत समोर डावखुरी आली आणि अर्ध्या मिनिटात इप्पोन, म्हणजे एका फेकीत लढत खलास. क्लबात डावखुरं कुणी नव्हतंच! अकादमीचे पैसे खरे वसूल होतात ते इथे: एका संध्याकाळी पाच-सहा अनोळखी पकडी अंगावर येतात. पट्टा निळ्याच्या पुढे गेला आणि मूल राज्य पातळीचं बोलू लागलं, की इथे अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

कोकणातली एक गंमत. इथली बरीच पोरं कबड्डीतून येतात. बूड खाली, पाय भक्कम, सरांना आयतं मिळतं. पण समोरचा हलला की हात आपसूक घोट्याकडे जातो, आणि ज्युदोत पायाला हात घालणं 2010 पासून नियमांत आवळत गेलं, 2013 ला तर थेट बादच केलं. ती खोड मोडायला गावचाच मास्तर लागतो, कारण ती येते कुठून हे त्याला ठाऊक असतं.

पावसाचं एवढंच, की ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड ड्रेस, चार-चार दिवस वाळत नाही आणि मॅटखाली बुरशी धरते. दोन ड्रेस घ्या. मॅट उभे करून ठेवतात का, ते विचारा.

खर्चात तुलनाच नको. पुण्याचं म्हणजे फीच्या वर वसतिगृह, खानावळ आणि कुंभार्ली घाटाच्या फेऱ्या. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मात्र अकादमीच हवी असं काही नाही. शालेय स्पर्धा जिल्ह्यापासूनच सुरू होतात. फक्त क्लब कुठल्या संघटनेशी जोडलेला आहे, ते कागद बघून खात्री करा. नाहीतर चषक घरात राहतो आणि प्रमाणपत्र चालत नाही.

नाव घालण्याआधी एक संध्याकाळ हॉलमध्ये कोपऱ्यात बसा. फेकणाऱ्याकडे बघू नका. पडणाऱ्याचे हात बघा, आणि थाप ऐका.