पत्र्याच्या शेडला मोठा पंखा, पेडेस्टल की डक्ट कूलर?

एप्रिल लागला की पत्र्याच्या शेडमधली माणसं दुपारी मशीन सोडून दाराशी येऊन उभी राहतात. मग मालक विचारात पडतो: छताला एक अवाढव्य एचव्हीएलएस (सावकाश फिरून भरपूर हवा ढकलणारा छताचा पंखा) टांगू, की दहा पेडेस्टल (स्टँडवर उभे पंखे) आणू?

विजेत मोठा पंखा सहज जिंकतो. २४ फूट व्यासाच्या पंख्याला दीड किलोवॉटच्या आसपासची मोटर पुरते, कारण तो मिनिटाला ५०-६० फेरेच घेतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की वीज आठपट लागते, म्हणून लांब पाती सावकाश फिरवणं स्वस्त पडतं. दहा पेडेस्टलना मिळून वीज तेवढीच किंवा जास्त लागते, वारा मात्र त्यांच्या तोंडासमोरच्या पट्ट्यातच. त्यांच्या आवाजात मुकादमाला आरोळी ठोकावी लागते, वायरी पायात येतात ते वेगळंच.

तरीही एचव्हीएलएसच्या अटी जाचक आहेत. वजन शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त, त्यामुळे कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टांगू नये. पात्यांखाली किमान १० फूट मोकळी जागा हवी. वर ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन) असेल तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. दिवे पात्यांच्या वर राहिले तर खाली सावली लपलपते आणि कामगारांचं डोकं उठतं. गोदामात उंच रॅक असतील तर गल्ल्यांत वारा पोचत नाही. आणि सात-आठ माणसंच एका कोपऱ्यात काम करत असतील तर अख्ख्या शेडला वारा घालायचा कशाला? तिथे पेडेस्टलच बरा.

काम कोणतं चालतं तेही पाहा. सीओटू वेल्डिंगवर जोराचा वारा आला की गॅसचं आवरण उडतं आणि सांध्यात छिद्रं पडतात. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर वाऱ्याने कापसाची रुई उडते, सूत कोरडं पडून तुटतं. अशा ठिकाणी वारा बेतानेच हवा.

आता हवामान. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. नागपुरात मे महिन्यात ४३ अंशांची हवा अंगावर मारणारा पंखा घाम वाळवतो खरा, पण झळही देतो. तिथे डक्ट कूलर (ओल्या पॅडमधून हवा थंड करून नळ्यांतून आत सोडणारा) घ्यावा: ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या पॅडमधून २८-२९ अंशांची हवा मिळते. तोच कूलर नवी मुंबईजवळच्या तळोज्यात दमट दिवशी जेमतेम चार-पाच अंश उतरवतो आणि वर चिकचिक वाढवतो. कोकणात पंखा आणि एक्झॉस्ट हीच जोडी. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणारे पाहिले की हसू येतं. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नको का?

चाकणसारख्या ठिकाणी, क्रेन नसलेल्या साध्या असेंब्ली शेडसाठी मी मोठा पंखाच घेईन. मात्र पत्र्याला आधी पांढरा परावर्तक रंग मारून, कारण तापलेल्या पत्र्याची धग कुठलाच पंखा अडवत नाही.

कोटेशन मागताना एक आकडा लिहून घ्या: मशीन जागच्या जागी असताना, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला वाऱ्याचा वेग किती. विक्रेते रिकाम्या हॉलचा आकडा पुढे करतात, तो घेऊ नका.