एक्स्चेंजमध्ये एमटीबी घेताय? फ्रेमचा नंबर जुळला म्हणजे सायकल तीच असं नाही

इंदुरात जुनी एमटीबी (डोंगर-खडकाळ वाटांसाठीची माउंटन बाइक) देऊन वरच्या दर्जाची सेकंडहँड एमटीबी घ्यायचा विचार असेल, तर सौदा करण्याआधी हे वाचा. माझ्या बाबतीत जे झालं ते सपाट रस्त्यावर लक्षातही येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझी जुनी सायकल २६ इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे सात गिअरची. राळामंडल, चोरल, जानापाव, सगळीकडे तिच्यावरच गेलो. पण मागचा अॅक्सल (चाकाचा आस) सारखा वाकायला लागला होता. तिच्या मागच्या चकत्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसवलेल्या. अशा हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे तिथला अॅक्सल आधाराविना राहतो आणि खडकाळ वाटेवर वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये, म्हणजे चकत्या हबच्याच भागावर सरकवून बसवतात तिथे, हा त्रास जवळपास संपतो. बदलायचं खरं कारण हेच.

एका सेकंडहँड विक्रेत्याकडे मनासारखी सायकल दिसली. २९ इंची चाकं, एअर फोर्क (पुढच्या चाकाचे दणके हवेच्या दाबाने झेलणारा), हायड्रॉलिक ब्रेक, पुढे ३२ दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळची चकती), मागे १० गिअर आणि सगळ्यात मोठी चकती ४६ दात्यांची. चालवून पाहिली, चारी बाजूंनी फोटो काढले. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) खाली कोरलेला फ्रेमचा नंबरही टिपला. ३८ हजारांत सौदा ठरला, जुनीचे ७ हजार त्यातून वजा. मग तो म्हणाला, "भिया, सर्विस करके कल दे देता हूँ, पुरानी यहीं छोड़ जाओ." पक्कं बिल मागितलं, तर "बारा टक्का ऊपर लगेगा" म्हणून एक कच्ची चिठ्ठी हातात ठेवली. चिठ्ठीवर एवढंच: एमटीबी २९, सेकंड हैंड, एक्सचेंज.

दुसऱ्या दिवशी त्याने रात्री, दुकान बंद करायच्या घाईत सायकल दिली. रंग तोच, ओरखडे तेच, नंबर तोच. सुपर कॉरिडॉरच्या सपाट रस्त्यावर छान पळाली. मग खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरूघाटात नेली आणि चढावर पाय भरून आले. चाचणीच्या वेळी सगळ्यात हलका वाटलेला गिअर आता तेवढा हलका नव्हता. उतारावर खड्ड्यांचे दणके थेट मनगटात येत होते.

राजेंद्र नगरच्या ओळखीच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी फोर्कची डावी बाजू वरून पाहिली आणि विचारलं, "अहो, हा एअर फोर्क ना? मग हवा भरायचा वॉल्व्ह कुठेय?" वॉल्व्हच्या जागी स्प्रिंग घट्ट-सैल करायचं बटण होतं. फोर्कवर स्टिकर मात्र एअरचंच! मागची कॅसेटही बदललेली निघाली, मोठी चकती ३६ दात्यांची. हा फरक किती असतो ते बघा. पुढे ३२ आणि मागे ४६ असताना पेडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे ०.७० फेरे फिरतं. मागे ३६ असले की ०.८९. म्हणजे त्याच चढाला सव्वापटीहून जास्त जोर. साखळीही झिजलेली होती. ती मोजायला काकांनी साधी फूटपट्टी लावली: एका पिनेपासून तिच्या पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतं, एक-अष्टमांश इंच जास्त भरलं की साखळी संपली समजायची.

फोटो घेऊन परत गेलो. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "नंबर मिला लो, गाड़ी वही है।" आणि इथेच सगळी गोम आहे. नंबर फक्त फ्रेमची ओळख पटवतो. सायकलीची बरीचशी किंमत फोर्क, गिअर, ब्रेक आणि चाकांत असते, आणि ते सहज उतरवून दुसरे चढवता येतात. जुनी सायकल परत मागितली, तर म्हणाला ती विकली गेली. मला खरा राग आला तो या गोष्टीचा. जुनी आधीच ताब्यात घेतली की सौदा मोडायची वाटच बंद होते, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बिलाबद्दलही तो खोटंच बोलला होता. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, आणि जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला साधारणपणे खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो. शिवाय बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे.

म्हणून नवी सायकल हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. सर्व्हिसिंग करायचं असेल तर तुमच्यासमोर करू द्या, नाहीतर सायकल आहे तशी घेऊन या आणि आपल्या मेकॅनिककडे करून घ्या. पावतीवर फोर्कचं पूर्ण मॉडेल, मागच्या डिरेलरचं (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचं) नाव, कॅसेटचे दाते आणि ब्रेकचा प्रकार लिहून घ्या, खाली विक्रेत्याची सही. फोर्कच्या आतल्या बाजूचा आणि कॅसेटवर कोरलेल्या आकड्याचा जवळून फोटो काढा. माझ्याकडे आज जो काही पुरावा आहे, तो पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोंचाच. सायकल ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, आणि जमलं तर आधी एखाद्या चढावर नेऊन.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने कॅसेट बदलून दिली, फोर्कबद्दल मात्र अजून हात वर. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते. शहरात आणखी कुणाच्या एक्स्चेंजमध्ये असे पार्ट बदलले गेले असतील, तर चिठ्ठी कच्ची आहे म्हणून गप्प बसू नका. पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद आणि आधीचे फोटो एवढ्यावरही तक्रार दाखल होते.