डिसेबिलिटी सपोर्ट डेस्क मस्त, पण पीडीएफचं काय करायचं?

मी पूर्ण अंध आहे, घरबसल्या डिग्री करतेय, आणि हा रिव्ह्यू माझ्या युनिव्हर्सिटीच्या डिसेबिलिटी सपोर्टचा. नाव मुद्दाम घेत नाही, दुसरीकडे शिकणाऱ्यांचं रडगाणंही साधारण हेच असतं.

आधी चांगलं सांगते. फॉर्ममध्ये अपंगत्वाच्या रकान्यात टिक केलं की डेस्कवरून आपणहून फोन येतो, आणि पहिलाच प्रश्न काय तर कुठला स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरता! एनव्हीडीए म्हटल्यावर समोरच्या मॅडमना समजलं, स्पेलिंग सांगत बसावं लागलं नाही. सर्टिफिकेटही एकदाच अपलोड करायचं, दर सेमिस्टरला अजून दिसत नाहीये हे सिद्ध करायची भानगड नाही.

घोडं पेंड खातं ते स्टडी मटेरियलपाशी. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ चढवलेली, म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी नुसता फोटो, एक शब्द वाचत नाही. मग मी एनव्हीडीएमधलंच ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारी सोय, चालवते, साधा मजकूर बरा येतो, पण स्टॅटिस्टिक्सचं टेबल आलं की आधी सगळी वर्षं एका दमात आणि मग सगळे आकडे, कुठला आकडा कुठल्या वर्षाचा ते आता तुम्हीच ओळखा. फॉर्म्युले तर चित्रं म्हणून डकवलेले, तेच मॅथएमएलमध्ये, म्हणजे गणित चित्राऐवजी कोडमध्ये लिहायच्या फॉरमॅटमध्ये, दिले असते तर वाचता आले असते. डेस्ककडे मागितलं की नीट फाइल मिळते हो, हेडिंग स्टाइल वगैरे लावलेली, कीबोर्डवर एच दाबत दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारत अख्खा चॅप्टर फिरता येतो, पण ती हातात पडेपर्यंत असाइनमेंटची डेडलाइन उरावर. मुळात डिपार्टमेंटनेच अशी फाइल बनवली तर डेस्कला हमाली करावी लागणार नाही. डब्ल्यूसीएजी २.१ ही वेबवरचा मजकूर अपंगांनाही वापरता यावा म्हणूनची गाइडलाइन २०१८ पासून आहे, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) द्या हे तर त्याच्याही आधीपासून सांगतायत.

परीक्षेत एक्स्ट्रा टाइम मंजूर झाला पण मॉक टेस्टच्या टायमरमध्ये तो टाकलाच नव्हता, पेपर आपोआप सबमिट! वर प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातून परीक्षार्थीवर नजर ठेवणारं, म्हणे स्क्रीनकडे बघा. कुठे बघू? डेस्कने मात्र भांडून फायनलला व्हिडिओ कॉलवर माणूस बसवून दिला, त्याबद्दल खरंच थँक्स.

माझी एक कर्णबधिर मैत्रीण इथेच आहे, तिचं म्हणणं ऑटो कॅप्शन टेक्निकल शब्दांची वाट लावतात, आणि सरांनी ऐनवेळी लेक्चर पुढे ढकललं की बुक केलेला साइन लँग्वेज इंटरप्रिटर हातचा जातो.

डेस्कला पाचपैकी साडेचार, डिपार्टमेंटला जेमतेम दोन. अ‍ॅडमिशन घेणार असाल तर फी भरायच्या आधी एक सॅम्पल चॅप्टर आणि एक डेमो टेस्ट मागून घ्या आणि स्वतःच्या स्क्रीन रीडरवर चालवून बघा, द्यायला टाळाटाळ केली तर काय ते समजून जा.