मोबी डिक बिग रीड: १३५ प्रकरणं, १३५ आवाज, खर्च शून्य

‘वन पीस’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघणाऱ्या कुठल्याही कॉलेजातल्या पोराला व्हाइटबिअर्डच्या जहाजाचं नाव विचारा, झोपेतसुद्धा ‘मोबी डिक’ म्हणून सांगेल. स्टारबक्सचं नाव ‘मोबी डिक’ या कादंबरीतल्या, कप्तानाच्या खालोखालच्या अधिकाऱ्यावरून आलंय. १९८२च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमात खान मरताना जे बोलतो तेही हिच्याच शेवटच्या प्रकरणातलं. हर्मन मेलव्हिलची ही १८५१ची कादंबरी इतक्या वाटांनी येऊन भेटते की न वाचताच वाचल्यासारखी वाटते. आणि हातात घेतली की बहुतेकांची गाडी तिसाव्या-पस्तिसाव्या प्रकरणात रुतते.

त्यावर सध्या तरी ‘मोबी डिक बिग रीड’ हा सगळ्यात चांगला उपाय आहे. प्लिमथ विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१२ साली हे ध्वनिमुद्रण झालं. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाने वाचलंय आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. पहिलं प्रकरण टिल्डा स्विंटनने वाचलंय. नवव्यातलं चर्चमधलं प्रवचन सायमन कॅलोकडे आहे आणि त्याने ते रंगभूमीवरच्या नटासारखं भरदार केलंय. देवमासे एक दिवस संपतील का, हा प्रश्न विचारणारं १०५वं डेव्हिड अ‍ॅटनबरोंना दिलंय, ही निवड अचूकच. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या वाट्याला आलेलं तिसावं मात्र इवलंसं आहे: पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेला कप्तान अहॅब पाइप ओढतो, त्यात मजा येत नाही म्हणून तो समुद्रात भिरकावतो, संपलं.

आवाज सतत बदलत राहतात, हा या प्रकल्पाचा गुण आणि तोच दोष. देवमाशाचं वर्गीकरण, कातडीची जाडी, चरबी कढवण्याच्या भट्ट्या अशी माहितीपर प्रकरणं सुटी सुटी ऐकायला छान वाटतात. एक आवाज कंटाळवाणा निघालाच तर पुढचं प्रकरण दुसऱ्याचं. पण अहॅबला एकच आवाज मिळत नाही. जहाजाच्या डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकणारा अहॅब (प्रकरण ३६) आणि शेवटच्या पाठलागातला अहॅब एकच माणूस आहे, हे ऐकणाऱ्यालाच लक्षात ठेवावं लागतं. ध्वनिमुद्रणाची पातळीही सारखी नाही. एक प्रकरण कानाशी बोलल्यासारखं, तर दुसरं खोलीच्या कोपऱ्यातून. आवाज आपोआप समान करणारा प्लेअर वापरा, नाहीतर एसटीच्या खडखडाटात निम्मं ऐकूच येणार नाही.

ऐकण्याआधी थोडी तयारी हवी. कोल्हापूर–रत्नागिरी प्रवासात ऐकायचं असेल तर फायली घरच्या वायफायवर उतरवून घ्या. मलकापूर सोडून आंबा घाटाला लागलं की नेटवर्कचा भरवसा नाही. फायलींना तीन आकडी क्रमांक द्या: ००१, ००२, असे. नाहीतर बरेच प्लेअर १ नंतर १० आणि मग १०० लावतात, आणि गोष्ट बंदरातून एकदम भर समुद्रात जाते. शफल बंद ठेवा. वेग वाढवायचा मोह आवरा. मेलव्हिलचं एकेक वाक्य अर्धविरामांच्या आधाराने अर्धं पान चालतं. सव्वापट वेगात त्याचा कर्ता कोण हेच हरवतं. इंग्रजी ऐकायची सवय कमी असेल तर मजकूर समोर उघडा ठेवा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर २७०१ क्रमांकाला तो फुकट आहे. सुरुवातीला व्युत्पत्ती आणि देवमाशाविषयीच्या उताऱ्यांचा ढीग लागेल, तो ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर या.

अपेक्षाही आधीच जुळवून घ्या. अहॅबचं जहाज ‘पीक्वॉड’ बंदर सोडतं ते २२व्या प्रकरणात. अहॅब पहिल्यांदा दिसतो २८व्यात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पांढरा देवमासा समोर येतो थेट १३३व्यात! सिनेमाच्या हिशेबाने ऐकायला बसलेला माणूस इथेच चिडतो.

खरं तर सिनेमांनी काय उचललं आणि काय टाकलं हे कळण्यासाठीच ही मधली प्रकरणं ऐकावीत. साठावं प्रकरण फक्त दोरावर आहे. जाडी जेमतेम दोन तृतीयांश इंच, लांबी दोनशे फॅदमहून जास्त, म्हणजे बाराशे फुटांच्या वर. टबमध्ये तो गुंडाळायला काही भालेकरी अख्खी सकाळ घालवतात, कारण एखादा पीळ अडकला तर सुटणारा दोर कुणाचा हात, कुणाचा पाय घेऊन जाणार. होडीत तो वल्हेकऱ्यांच्या मधूनच जातो. अहॅबचा शेवट याच दोराने होतो, आणि ‘जॉज’च्या मूळ कादंबरीत शार्कच्या शिकारीवर निघालेल्या क्विंटचाही पाय दोरात अडकूनच तो बुडतो. १९७५च्या सिनेमात मात्र त्याला शार्क खातो. त्याच सिनेमातली शार्कला दमवणारी पिवळी पिंपं आठवतात? ८७व्या प्रकरणात देवमाशांच्या मागे लाकडी ठोकळ्यांचं लोढणं लावतात, तत्त्व तेच. वेळ कमी असेल तर निदान ही दोन प्रकरणं ऐकाच.

१९५६च्या चित्रपटात ग्रेगरी पेकचा अहॅब देवमाशाला दोरांनी जखडलेला दिसतो आणि मेलेला हात हलवून खलाशांना बोलावतो. लोकांच्या डोक्यात अहॅब म्हणजे तेच दृश्य. कादंबरीत देवमाशाला जखडलेलं प्रेत असतं फेडल्लाचं, अहॅबच्या खास होडीतल्या पारशाचं. चित्रपटात हा पारशी नाहीच. प्रभात आणि जयप्रभा स्टुडिओंच्या गावाला, कोल्हापूरला, पटकथेत पात्रं कशी गळतात हे वेगळं सांगायला नको, पण या गळतीत आपल्या बाजूचा माणूस गेला, एवढं नोंदवायला हवं.

आपल्या बाजूचं आणखीही बरंच आहे. ५५व्या प्रकरणात मेलव्हिल देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यात असल्याचं सांगतो आणि ते मत्स्यावताराशी जोडतो. घारापुरी शैव लेणी, तेव्हा हे त्याने बिनधास्त ठोकून दिलंय. ८२व्यात तर विष्णूलाच देवमासेमारांच्या पंगतीत बसवलंय. ९१ आणि ९२ ही प्रकरणं कोकण-कोल्हापूरच्या वाचकाने चुकवू नयेत. वर्तमानपत्रांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून जिच्या तस्करीच्या बातम्या येतात, ते हेच अंबरग्रीस. ‘पीक्वॉड’वरचा अधिकारी स्टब एका फ्रेंच जहाजाला गंडवून कुजलेल्या धडातून ते उपसतो. भाव: औंसाला एक सोन्याची गिनी. ते आजारी देवमाशाच्या आतड्यात सापडतं हे मेलव्हिलने तेव्हाच लिहून ठेवलंय. ‘उलटी’ हा आपला गैरसमज. (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने स्पर्म व्हेलला संरक्षण असल्याने आज ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. स्टबची नक्कल करायला जाऊ नका.)

छापील प्रत हवीच असेल तर टिपांसाठी पेंग्विन किंवा ऑक्सफर्ड बरी. नॉर्टनची महाग आहे, अभ्यास करायचा असेल तरच घ्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्त प्रत दिसली तर आधी शेवटचं पान उघडा. १३५ प्रकरणं आणि त्यानंतर उपसंहार नसेल तर ती कापलेली आवृत्ती समजा.

ऑडिओतही हीच चूक होते: १३५वं वाजलं की लोक थांबतात, उपसंहार राहून जातो. कवयित्री मेरी ऑलिव्हरने वाचलेला तो काही ओळींचाच तुकडा आहे, तेव्हा त्याची फाईलही यादीत घालून ठेवा. १८५१च्या लंडन आवृत्तीत तो गळला होता, आणि जहाज बुडालं तर गोष्ट सांगणारा वाचला कसा, म्हणून तिथल्या समीक्षकांनी मेलव्हिललाच धारेवर धरलं होतं.