कागद खरे, पण पैसे न भरलेले : गुदाउरीच्या स्की सहलीत झालेली फसवणूक

मित्रांनी मिळून कमी खर्चात परदेशी स्कीइंगला जायचे ठरवले की आल्प्सचा विचार बहुधा पहिल्याच बैठकीत मागे पडतो. शेंगेन व्हिसाचे शुल्कच जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे आणि तिथल्या स्की गावांतील मुक्कामाचा व लिफ्टचा खर्च त्यापुढे कितीतरी मोठा असतो. मग नजर वळते ती कझाकस्तानातील अल्माटीजवळच्या शिम्बुलाककडे किंवा जॉर्जियातील गुदाउरीकडे. आम्ही पुण्यातील मित्रांनी २०२५ च्या फेब्रुवारीसाठी गुदाउरी निवडले. तिबिलिसी या राजधानीपासून सुमारे १२० किलोमीटरवर, जॉर्जियन लष्करी महामार्गालगत, जवळपास २,२०० मीटर उंचीवर हे गाव आहे. तेथील उतार झाडांच्या पट्ट्याच्या वर असल्यामुळे मोकळे आणि रुंद आहेत, शिवाय हंगाम साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल असा चालतो. ही निवड योग्यच होती आणि आजही त्या गावाला जाऊ नका असे मी कोणाला सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते आमचे पैसे ज्या रीतीने गेले त्याविषयी, कारण आपण एरवी जी खबरदारी घेतो ती या रीतीपुढे पुरत नाही.

ज्या गृहस्थाने आम्हाला फसवले तो स्वतःला सहल संयोजक म्हणवत असे. त्याचा क्रमांक आम्हाला सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटातून मिळाला होता. त्याने पूर्वी हिमाचलात ट्रेक नेले होते, ते नीट पार पडले होते आणि त्या ट्रेकला गेलेल्या दोघांशी आम्ही स्वतः बोललोही होतो. विमानाचे येण्या-जाण्याचे तिकीट, सात रात्रींचा मुक्काम, विमानतळापासूनची गाडी, लिफ्टचा पास, स्की, बूट व हेल्मेटचे भाडे, प्रशिक्षक आणि प्रवास विमा, असे सगळे मिळून त्याने माणशी ८८,००० रुपये सांगितले. या आकड्यात संशयास्पद काही नव्हते. आम्ही स्वतः बेरीज केली तेव्हा ती लाखाच्या आतबाहेर येत होती, आणि गटाने नोंदणी केल्यावर एवढी सवलत मिळू शकते हे कोणालाही पटण्यासारखे होते. अशक्य वाटावी अशी स्वस्ताई हेच फसवणुकीचे लक्षण असते, असा समज फार पसरलेला आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

पैसे हप्त्यांनी गेले आणि प्रत्येक हप्त्यानंतर एक कागद आला. पहिल्या हप्त्यानंतर विमानाचा पीएनआर आला. तो आम्ही विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा आमची नावे, तारखा आणि आखाती विमानतळावरील थांबा, सगळे जसेच्या तसे दिसले. दुसऱ्या हप्त्यानंतर गुदाउरीतील एका अपार्ट-हॉटेलचे व्हाउचर आले. हॉटेल खरे होते आणि व्हाउचर एका सर्वपरिचित बुकिंग संकेतस्थळावरून निघालेले होते. त्यानंतर विम्याची पॉलिसी आली आणि विमा कंपनीच्या संकेतस्थळावर तिचा क्रमांकही सापडला. शेवटी आला जॉर्जियाचा ई-व्हिसा, तोही खरा. म्हणजे हप्त्यांनंतर आलेला यांतला प्रत्येक कागद, ज्या दिवशी आला त्या दिवशी, अस्सल होता. या कागदांसाठी बनावट शिक्का, खोटी सही किंवा संगणकावरची जुळवाजुळव यांपैकी काहीही त्याने वापरले नाही.

यातली मेख समजण्यासाठी विमानाचे आरक्षण कसे होते ते पाहावे लागते. प्रवाशाची नावे आणि उड्डाणे नोंदवली की पीएनआर तयार होतो, परंतु तेवढ्याने तिकीट निघत नाही. एजंटच्या प्रणालीतून अनेक कंपन्यांच्या जागा पैसे न भरता काही काळ राखून ठेवता येतात. ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर कंपनी त्या जागा आपोआप सोडून देते. पैसे भरले की तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक मिळतो आणि तोच खरा पुरावा असतो. त्यातही एक फट आहे. निघालेले तिकीट एजंट अल्प मुदतीत, बहुधा त्याच दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, रद्दबातल करू शकतो आणि भरलेली रक्कम त्याच्याकडे परत जाते. आमच्यातील एकाने हट्ट धरून तिकीट क्रमांक मागितला तेव्हा त्याला तो लगेच मिळाला. पुढे विमान कंपनीकडे चौकशी केल्यावर कळले की ते तिकीट काढले त्याच रात्री रद्द झाले होते.

हॉटेलचा प्रकार याहून सोपा होता. मोफत रद्द करता येणारी आणि पैसे प्रत्यक्ष मुक्कामी भरण्याची सोय असलेली खोली त्याने आमच्या नावाने, पण स्वतःच्या ईमेल पत्त्यावर आरक्षित केली. व्हाउचर आम्हाला पाठवताना त्यावरचा पिन क्रमांक झाकलेला होता. तो पिन हाती असता तर आरक्षण चालू आहे की नाही हे आम्हाला केव्हाही पाहता आले असते. पुढे त्याने आरक्षण रद्द केले तेव्हा त्याची सूचना साहजिकच त्याच्याच ईमेलवर गेली. विम्याचेही तसेच झाले. प्रवास सुरू होण्याआधी पॉलिसी रद्द करून थोडी रक्कम कापून बाकीची परत घेता येते, आणि ती त्याने घेतली. शिवाय ती पॉलिसी चालू राहिली असती तरी तिच्यात हिवाळी खेळांना संरक्षण नव्हते. उतारावर कोणाचा पाय मोडला असता तर एक रुपयाही मिळाला नसता. हे कलम अटींच्या पानांवर छापलेले होते आणि स्कीइंगला जाणाऱ्या प्रत्येकाने ते शोधून वाचायलाच हवे, मग एजंट कितीही सचोटीचा असो.

विम्याची कापली गेलेली थोडी रक्कम सोडली तर आमच्यासाठी त्याने खरोखर खर्च केला तो फक्त ई-व्हिसावर. ते शुल्क एकूण रकमेच्या मानाने किरकोळ होते, पण सर्वांत जास्त विश्वास त्यानेच मिळवून दिला, कारण एका देशाच्या सरकारने आपल्याला परवानगी दिली म्हटल्यावर पुढचे सगळे पक्के झाले असे मनाला वाटते. वास्तविक व्हिसा मिळाला म्हणजे तिकिटाचे व मुक्कामाचे पैसे भरले गेले असे मुळीच होत नाही. व्हिसाच्या अर्जाला जोडण्यापुरती तिकिटे व आरक्षणे काढायची आणि नंतर ती सोडून द्यायची, हा व्यवहार आपल्याकडे ‘डमी तिकीट’ या नावाने उघडपणे चालतो आणि अनेक प्रामाणिक प्रवासीही त्याचा आधार घेतात. आमच्या माणसाने नवे काही शोधून काढले नव्हते. या रुळलेल्या व्यवहाराचा त्याने आमच्याविरुद्ध उपयोग केला. त्यामुळे डमी तिकिटांकडे निरुपद्रवी सोय म्हणून पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रकार उघडकीस आला तो रस्त्यामुळे. तिबिलिसीहून गुदाउरीला जाणारा महामार्ग पुढे ज्वारी खिंडीतून, म्हणजे २,३७९ मीटर उंचीवरून, स्टेपान्त्समिंडा गावाकडे जातो. हिमवृष्टी आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हिवाळ्यात या मार्गाचा वरचा भाग वारंवार बंद ठेवतात. संयोजकाने मात्र स्टेपान्त्समिंडाची फेरी एका ठरावीक तारखेला ‘शंभर टक्के’ होईल असे लिहून दिले होते. हे आमच्यातील एका मित्राला खटकले. रस्ता बंद झाल्यास काय व्यवस्था असते, हे विचारण्यासाठी त्याने थेट हॉटेलला फोन केला. तिकडच्या बाईंनी नाव तपासले आणि हे आरक्षण केव्हाच रद्द झाले असल्याचे नम्रपणे सांगितले. त्यानंतर विमानाचा पीएनआर पाहिला तर तोही सापडेना. संयोजकाला विचारले तेव्हा उत्तर आले, “सर, सिस्टिम अपडेट होतेय, उद्यापर्यंत दिसेल, माझ्यावर विश्वास ठेवा.” दुसऱ्या दिवशी त्याने आम्हा सर्वांना गटातून काढून टाकले.

आता कराविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे पडताळणीची एक चांगली वाट आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, गोळा करून सरकारकडे भरावा लागतो. आमच्या वेळी एका आर्थिक वर्षातील सात लाखांपर्यंतच्या रकमेवर त्याचा दर ५ टक्के होता. संयोजकाने ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस वेगळे दाखवून आमच्याकडून घेतले होते आणि त्यामुळे त्याचे बिल चोख वाटत होते. टीसीएस भरला गेला असेल तर तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो आणि त्या पॅनवरील कराच्या नोंदींच्या विवरणात (आमच्या वेळी फॉर्म २६एएस) दिसतो. मात्र विक्रेत्याचे विवरणपत्र तिमाहीने भरले जात असल्यामुळे तो लगेच दिसत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील वसुलीचे विवरण १५ जानेवारीपर्यंत भरायचे असते, म्हणून जानेवारीच्या अखेरीस आमच्या नावावर ती नोंद यायला हवी होती. ती कोणाच्याच नावावर आली नाही. बिलावरील जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर शोधला असता तो चालू अवस्थेत होता, पण मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या भलत्याच व्यवसायाच्या नावावर होता. ही तपासणी कोणालाही विनाशुल्क आणि लॉगिन न करता करता येते. क्रमांक अस्तित्वात आहे एवढे पाहून थांबू नये, तो कोणाच्या नावावर आहे ते वाचावे.

पैसे घेताना त्याने चालू खात्याची मर्यादा संपल्याचे सांगून वैयक्तिक बचत खात्याचा यूपीआय क्रमांक दिला होता. आमच्यातील एकानेच रोखीचा तुटवडा असल्यामुळे पेमेंट लिंकवरून क्रेडिट कार्डाने पैसे भरले, आणि पूर्ण रक्कम परत मिळाली तीही त्या एकालाच. सेवा मिळाली नाही या कारणासाठी त्याने आपल्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे विक्रेत्याकडून परत घेऊन देण्याची, मागणी केली, हॉटेलचे रद्द झाल्याचे ईमेल व विमान कंपनीचे उत्तर जोडले आणि बँकेने ती मान्य केली. बाकीच्यांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक दिले. त्यावरून त्याच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवण्यात आली, परंतु तोवर बहुतेक पैसे पुढे वळवले गेले होते. आमच्या वेळी गोठवलेली रक्कमही न्यायालयाच्या आदेशाखेरीज परत मिळत नव्हती. तक्रार जितक्या लवकर होईल तितके अधिक पैसे खात्यातच अडवता येतात. त्यामुळे ‘उद्या दिसेल’ या उत्तरावर एक दिवसही वाट पाहू नये आणि संशय आल्याच्या तासातच १९३० ला फोन करावा.

ग्राहक आयोगातही आम्ही गेलो आहोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे विरुद्ध पक्षाचा पत्ता दुसऱ्या शहरातील असला तरी अडचण आली नाही. तिथे आमच्या बाजूने सर्वांत उपयोगी पडतात ते त्यानेच पाठवलेले अस्सल कागद, कारण ते कोणत्या तारखेला काढले आणि कोणत्या तारखेला रद्द केले याचा लेखी तपशील हॉटेल, विमा कंपनी आणि विमान कंपनी या तिघांकडूनही मिळाला आहे. एकदा पैसे न भरणे हा विसर ठरू शकतो, पण हप्ता हाती आल्यावर आरक्षण रद्द करण्याचा क्रम तिन्ही ठिकाणी सारखाच असेल तर त्यातून हेतू दिसतो. म्हणून असा अनुभव आलेल्यांनी रागाच्या भरात संभाषणे व कागद पुसून टाकू नयेत. त्या सेवा देणाऱ्यांना ईमेल लिहून रद्द झाल्याची तारीख आणि वेळ लेखी मागवावी, आणि पोलिसांकडील तक्रारीत पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक ठळकपणे द्यावा. एकाच खात्याविरुद्ध निरनिराळ्या ठिकाणी आलेल्या तक्रारी त्या क्रमांकावरून एकत्र जोडल्या जाऊ शकतात. आमच्या संयोजकाने याच हंगामात आणखी गट नोंदवले होते, एवढे त्याच्या जुन्या संदेशांवरून आम्हाला दिसते आहे, आणि त्या गटांतील लोकांनी आपली तक्रार अजून नोंदवली नसेल तर ती आता जरूर नोंदवावी.