‘पाच वर्षं टिकणाऱ्या’ पॉलिमर पॉलिशची फसवणूक

गाडीची निगा घरीच राखणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ‘पॉलिमर पॉलिश’ म्हणून मला जी बाटली विकली गेली, तिने रंगाला संरक्षण म्हणून काहीच दिलं नाही. आणि ती विकण्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की गाड्यांमधलं बऱ्यापैकी कळणारा माणूसही तिला भुलेल.

गाड्यांच्या प्रदर्शनात स्टॉल होता. टेबलावर जुन्या गाडीचं काळं बॉनेट, मधोमध मास्किंग टेपची पट्टी. विक्रेत्याने डाव्या बाजूला कार्नोबा वॅक्स हाताने लावून पुसून काढलं. उजव्या बाजूला बाटलीतलं पांढरं द्रव ओतलं, फोमचं पॅड लावलेलं मशीन घेतलं आणि बोलता बोलता बराच वेळ फिरवलं. मग टेप काढून टॉर्च मारला. डावीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे तसेच होते, उजवीकडे रंग काचेसारखा स्वच्छ. “वॅक्स आणि पॉलिमर यांतला फरक तुमच्या डोळ्यांनी बघा,” तो म्हणाला.

तो फरक वॅक्स आणि पॉलिमर यांतला नव्हताच. तो न घासलेल्या आणि मशीनने घासलेल्या रंगातला फरक होता. ओरखडे हे क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात असतात, आणि ते घालवायचे तर बारीक कणांच्या पॉलिशने किंवा कंपाउंडने क्लिअर कोटचा अगदी पातळ थर घासून काढावा लागतो. ते वॅक्सचं काम नाही, आणि खऱ्या पॉलिमर सीलंटचंही नाही. हे दोन्ही घासून झाल्यावर वरून लावायचे संरक्षक थर आहेत. त्या उजव्या बाजूवर शेवटी साधं कार्नोबा लावलं असतं तरी ती तेवढीच चमकली असती. तुलना करायचीच असेल तर दोन्ही बाजू आधी सारख्याच घासायला हव्यात, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

पुढचं प्रात्यक्षिक आगीचं. उजव्या बाजूवर लायटरचं इंधन ओतून पेटवलं, ज्वाळा उठली, विझली, रंगाला काही झालं नाही. बघणारे थक्क झाले. पण अशा वेळी जळते ती इंधनाची वाफ, पृष्ठभागाच्या वर, आणि तीही क्षणभर. खालचा पत्रा उष्णता ओढून घेतो. काहीच न लावलेलं बॉनेटही या परीक्षेत पास होतं. पाण्याचे टपोरे थेंबही दाखवले. थेंब कुठल्याही ताज्या तेलकट थरावर उभे राहतात. तो थर किती टिकेल हे त्यावरून कळत नाही.

बाटली घेतली. ‘हाताने लावलं तरी हाच परिणाम, आधीच्या वॅक्सवर लावलं तरी चालेल, ५ वर्षं बघायला नको,’ असं त्याने सांगितलं होतं आणि वॉरंटी कार्डही दिलं होतं. लावल्या लावल्या गाडी खरंच सुंदर दिसत होती. पण साध्या कार शाम्पूने थोड्याच वेळा धुतल्यावर एका संध्याकाळी दिव्याखाली बघितलं, तर सगळे ओरखडे जागच्या जागी. थेंबही गायब, पाणी पसरून पडलेलं.

तेव्हा बाटली नीट तपासली. न हलवता ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता. तो बोटांवर चोळला तर बारीक खरखर लागत होती. दारांच्या खालच्या काळ्या प्लॅस्टिकवर जिथे जिथे द्रव लागलं होतं तिथे खडूसारखे पांढरे डाग पडले होते, ब्रशनेही निघेनात. गाळ आणि डाग, दोन्ही घासणाऱ्या कणांची लक्षणं. मग ताजं द्रव लावून चमकवलेल्या कोपऱ्यावर तेल काढून टाकणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून मारलं, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसलं आणि टॉर्च धरला. पुसलेल्या तेवढ्याच चौकोनात ओरखडे परत दिसले. म्हणजे हाताने लावताना ते निघाले नव्हते, तेलाने भरून झाकले गेले होते. अशा मालाला ग्लेझ म्हणतात. विक्रीपूर्वी गाडी चकचकीत दिसावी म्हणून ग्लेझ वापरतात आणि तेवढ्यापुरतं ते ठीकही आहे, पण ते संरक्षण म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी आहे.

आता खरी तुलना सांगतो, कारण या माणसाने दोन्ही चांगल्या वस्तूंना बदनाम केलं. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं आणि शुद्ध स्वरूपात इतकं कडक नि ठिसूळ असतं की गाडीवर पसरणारच नाही. म्हणून डबीतल्या वॅक्समध्ये सॉल्व्हंट, तेलं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात. लावायला सोपं, गडद रंगावर देखणं, पण टिकतं काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. पॉलिमर सीलंट कृत्रिम असतं, बहुधा सिलिकोनवर्गीय, आणि चांगलं असेल तर काही महिने तग धरतं. मात्र ते स्वच्छ, तेलविरहित रंगावरच धरतं, थर पातळ लागतो आणि सुकून पक्कं होईपर्यंत पाणी चालत नाही. त्यामुळे ‘वॅक्सवर लावलं तरी चालेल’ हे वाक्य ऐकलं तिथेच समजायला हवं की समोरच्याकडे खरं सीलंट नाही. उलटा क्रम, म्हणजे सीलंटवर वॅक्स, चालतो. मला स्वतःला तोच आवडतो.

बाटलीवर ‘९एच कडकपणा’ असंही छापलं होतं. ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतली श्रेणी आहे. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापाशी तिचा संबंध नाही. पेन्सिलने ओरखडा पडला नाही म्हणजे वाळूने पडणार नाही असा अर्थ काढू नका.

वॉरंटीचं काय झालं? कार्डाच्या मागे बारीक अक्षरात अट होती: दर सहा महिन्यांनी त्यांचंच ‘बूस्टर’ विकत घेऊन लावल्याची पावती हवी. बूस्टर तपासायला मिळालं नाही, पण जे कोटिंग ५ वर्षं टिकतं त्याला दर सहा महिन्यांनी दुसरी बाटली कशाला? सेफ्टी डेटा शीट (मालातले धोकादायक घटक सांगणारा कागद) मागितलं तर ‘फॉर्म्युला गुप्त आहे’ असं उत्तर आलं. गुपित राखूनही धोकादायक घटक सांगता येतात. नीट धंदा करणारे उत्पादक ते शीट मागितल्यावर देतात.

पैशांपेक्षा मला नुकसानीची जास्त काळजी वाटते. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो आणि एकदा घासला गेलेला परत येत नाही. ‘संरक्षण’ समजून कुणी हे द्रव दर महिन्याला रगडत राहिला तर ज्याला वाचवायचं तेच झिजवत राहील. शिवाय अशा मालातलं सिलिकोन तेल नीट काढलं नाही, तर पुढे पॅनेल रंगवताना नव्या रंगात फिश आय नावाचे खड्डे पडतात. म्हणून कधी रंगकाम करायची वेळ आलीच तर बॉडी शॉपवाल्याला गाडीवर काय लावलं होतं ते आधी सांगा.

आणि हेच प्रात्यक्षिक तुमच्यासमोर चाललं असेल तर टेपच्या दोन्ही बाजू सारख्याच घासायला सांगा, किंवा त्याच्या चमकत्या बाजूवर अल्कोहोलचा फवारा मारून पुसायला सांगा. मी नंतर त्याच स्टॉलवर जाऊन हेच मागितलं, तर त्याने बॉनेटवर कापड टाकलं आणि प्रात्यक्षिक संपलं म्हणून सांगितलं.