रंगकामाची तीन कोटेशनं समोर आहेत, कोणतं निवडायचं?

एकाच घरासाठी तीन रंगारी बोलावले की तीन आकडे येतात, आणि सर्वांत मोठा आकडा कधी कधी सर्वांत लहान आकड्याच्या दुप्पट असतो. घर तेच, भिंती त्याच. पहिल्यांदा घर रंगवायला काढलं तेव्हा हा फरक कुठून येतो हे मी विचारलंच नाही. मधला आकडा बरा वाटला, काम देऊन टाकलं. सात-आठ महिन्यांत बेडरूमच्या भिंतीवर खिडकीजवळ नखभर पापुद्रा सुटला. ओढला तर तळहाताएवढा निघाला. उलटा करून पाहिला तर मागच्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी चिकटलेली होती. जुना डिस्टेंपर (खडूसारखा भुकटी सोडणारा स्वस्त रंग) खरवडलाच नव्हता, त्याच्यावरच नवा रंग चढवला होता. कोटेशनचा कागद काढून पाहिला, त्यात खरवडण्याचा शब्दही नव्हता. त्यामुळे त्या रंगाऱ्याशी भांडायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून कोटेशन वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधते: जुन्या रंगाखाली जे काही निघेल, त्याचा खर्च कोण सोसणार? भिंत खरवडेपर्यंत आत ओल आहे की गिलावा सुटलाय हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. रोजंदारी (दिवसाच्या मजुरीवर), फुटावर (चौरस फुटाच्या दराने), उक्तं (सगळ्या कामाचा एकच ठरलेला आकडा) हे जे कामाचे प्रकार आहेत, त्यांतला खरा फरक हा भार कुणाच्या खांद्यावर पडतो एवढाच आहे.

रोजंदारी की फुटावर

रोजंदारीत सगळा भार मालकावर. भिंत खराब निघाली, दिवस वाढले, पैसे वाढले. पण त्याचा फायदाही तिथेच आहे: रंगाऱ्याला घाई करायचं काही कारण राहत नाही. लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी, नीट भरली जाते, घासाई मनासारखी होते. ज्या घराच्या भिंतींना भेगा आहेत, कोपरे झडलेत, तिथे रोजावरचा चांगला कारागीर शेवटी स्वस्त पडतो, असं माझं मत आहे. अट एकच, कुणीतरी घरात असायला हवं. सकाळी आज काय होणार हे विचारणं आणि संध्याकाळी ते झालं का हे बघणं, एवढं तरी जमलं पाहिजे.

एकच खोली रंगवायची असेल तर मात्र रोजंदारी महाग पडते. कारण वाळण्याचा वेळ. इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा, एक हात (थर) झाला की दुसऱ्यासाठी साधारण दोन ते चार तास थांबावं लागतं, दारांच्या ऑइल पेंटला तर सहसा रात्र जाऊ द्यावी लागते. एका खोलीत हा वेळ बसून जातो आणि त्याचाही रोज द्यावा लागतो. तीन-चार खोल्या एकदम मोकळ्या करून दिल्या तर एक वाळेपर्यंत दुसरीत काम चालतं.

फुटावरच्या कामात हेच उलटं होतं. इथे थांबणं रंगाऱ्याला महाग पडतं, म्हणून ओलसर थरावरच दुसरा हात मारायची घाई होते. दर कितीही सरळ वाटला तरी हे लक्षात ठेवा आणि दोन हातांमधला वेळ कागदावर लिहून घ्या. बाकी तुलनेसाठी फुटाचा दर सर्वांत सोयीचा, कारण तिघांचे आकडे एका मापात येतात. मात्र माप कसलं, हे आधी ठरलं पाहिजे.

१२ बाय १० ची खोली धरू, उंची १० फूट. चारही भिंती मिळून ४४ फूट लांबी, म्हणजे ४४० चौरस फूट. छत १२०. एकूण ५६०. आता ७ बाय ३ चं एक दार आणि ५ बाय ४ ची एक खिडकी वजा केली तर उरतात ५१९. एका खोलीत ४१ चौरस फुटांचा फरक, म्हणजे जवळपास आठ टक्के. दोन रंगाऱ्यांचा दर सारखा असूनही बिल आठ टक्क्यांनी वेगळं येऊ शकतं, ते असं. लहान खिडकी वजा करायला रंगारी नाही म्हणतात, त्यात तथ्य आहे: खिडकीच्या कडा जपून ब्रशने मारायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. पण भिंतभर सरकतं दार किंवा छताला भिडलेलं कपाट असेल तर ते वजा झालंच पाहिजे.

काही जण भिंती न मोजता घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळावर दर सांगतात. ऐकायला सोपं, तुलनेला फसवं. वर मोजलेल्या खोलीत जमीन १२० आणि रंगवायचं ५१९, म्हणजे सव्वाचार पटींहून थोडं जास्त. २० बाय १५ चा, तेवढ्याच उंचीचा हॉल घेतला तर भिंती ७००, छत ३००, दारं-खिडक्यांचे ८० गेले की ९२०. जमीन ३००. म्हणजे जेमतेम तिप्पट. छोट्या छोट्या खोल्यांचं घर असेल तर जमिनीवरचा दर तुमच्या फायद्याचा, मोठा मोकळा हॉल असेल तर तोट्याचा. म्हणून एक संध्याकाळ काढा, टेप घ्या आणि घर स्वतः मोजा. स्वतःचं माप हातात असलं की समोरच्याचं माप ऐकताना कान आपोआप टवकारतात.

उक्तं काम

एक आकडा, सगळं घर, बाकी काही विचारायचं नाही. ज्यांना वेळ नाही त्यांना हे आवडतं, आणि खर्च आधी कळतो हा त्याचा मोठा गुण आहेच. पण इथे भिंतीआडचा भार रंगाऱ्यावर आलेला असतो आणि तो त्याची सोय दोनच तऱ्हांनी करू शकतो. एकतर आकडा आधीच वाढवून सांगायचा, नाहीतर अंगावर यायला लागलं की काम पातळ करायचं. रंगात पाणी जास्त घालायचं, लांबीचा एकच थर द्यायचा, कपाटामागे हात फिरवायचाच नाही.

यात मी सगळा दोष रंगाऱ्याला देत नाही. तीन जणांतून सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्यालाच काम मिळणार हे त्याला माहीत असतं. आपणच त्याला तिथे ढकलतो.

उक्तं द्यायचंच असेल तर आकड्याखाली काय काय लिहिलंय ते बघा. ‘दोन हात रंग’ एवढंच असेल तर ते कोटेशन अपुरं आहे. खरवडणं कुठल्या भिंतींचं, लांबीचे थर किती, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) कुठे, रंग कुठल्या प्रतीचा, दारं दोन्ही बाजूंनी की एका, ग्रिल धरलंय का, सामान कोण हलवणार आणि झाकणार, शेवटची साफसफाई कुणाची. मागच्या खेपेला हे सगळं मी तिघांनाही एकाच कागदावर लिहून दिलं आणि पुन्हा आकडे मागितले. सर्वांत स्वस्त माणसाचा आकडा वाढला, सर्वांत महाग माणसाचा थोडा उतरला आणि तिघे बरेच जवळ आले. फरक दरात कमी आणि न लिहिलेल्या कामात जास्त होता.

रंगाच्या कंपनीचं पॅकेज घ्यायचं तर याच रांगेत धरा. लेसरने मोजमाप, सामानावर प्लास्टिक, धूळ ओढून घेणारं घासाईचं मशीन, ठरलेली तारीख, लेखी हमी. या सोयींचे पैसे जास्त लागतात आणि ज्या घरात माणसं राहत असताना काम करायचंय तिथे ते द्यावेत, असं मला वाटतं. मात्र हमीचा कागद नीट वाचा. ओलीमुळे रंग गेला तर हमी लागू नाही, अशी ओळ त्यात असू शकते, आणि भिंतीवरचा रंग जायचं एक मोठं कारण ओलच असते.

माल कोणी आणायचा

‘मालासकट’ आणि ‘फक्त मजुरी’ अशी दोन कोटेशनं शेजारी ठेवून तुलना होत नाही. आधी दोन्ही एका पातळीवर आणावी लागतात, आणि त्यासाठी रंग किती लागेल हे माहीत हवं. चांगली घासलेली, प्रायमर मारलेली भिंत असेल तर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १०० ते १४० चौरस फूट जातं. ११० धरून आपल्या खोलीचं गणित करू. भिंती ३९९, दोन हात, म्हणजे सव्वासात लिटर. छताला दोन हात, सव्वादोन लिटर. गडद रंगावर फिका चढवायचा असेल तर भिंतींना तिसरा हात लागतो, म्हणजे आणखी साडेतीन लिटरच्या वर रंग आणि एका पूर्ण हाताची मजुरी. रंगछटा निवडतानाच खर्च ठरतो, तो असा.

दुसरी गोष्ट प्रतीची. समजा एकूण बिलात रंगाच्या डब्यांचा वाटा एक चतुर्थांश आहे. मग दुप्पट किमतीचा रंग घेतला तरी बिल दुप्पट होत नाही, २५ टक्क्यांनी वाढतं, कारण मजुरी तेवढीच राहते. जिथे मजुरी महाग, तिथे डब्यांचा वाटा आणखी कमी आणि हलका रंग घेऊन होणारी बचतही कमी. म्हणून रंगात हात आखडता घेऊ नका. पण सगळीकडे भारी रंगही नको. छताला कुणाचा हात लागत नाही, तिथे साधा मॅट चालतो. पॅसेज, स्वयंपाकघर आणि मुलांचे हात पोचतात त्या उंचीच्या भिंती यांना धुता येणारा रंग द्या. चकाकी जितकी जास्त तितकी भिंतीतली खोट उठून दिसते, हेही ध्यानात असू द्या. वाकड्या-तिकड्या जुन्या भिंतीला चकचकीत रंग द्यायचा तर लांबी आणि घासाई दुप्पट लागते.

मी स्वतः माल आणून देते आणि मजुरी वेगळी ठरवते. दुकानात एक फेरी जास्त होते, पण डबे सीलबंद घरी येतात आणि किती संपले ते मोजता येतं. वर काढलेल्या हिशेबापेक्षा फारच कमी रंग संपला असेल तर पाणी जास्त पडलंय किंवा एक हात कमी बसलाय.

लांबी आणि घासाई

इथे सर्वांत जास्त फरक पडतो. म्हणून कोटेशन घ्यायच्या आधी भिंतीची तपासणी स्वतः करा, दहा मिनिटांचं काम आहे. तळहात भिंतीवरून जोराने फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो थर खरवडूनच काढावा लागेल. चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावा आणि झटक्यात ओढा, रंगाच्या खपल्या त्याला लागून आल्या तर तसंच. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोका, पोकळ आवाज आला तिथे गिलावा सुटलाय. मग रात्री दिवे बंद करून बॅटरी भिंतीला टेकवून तिरका उजेड पाडा. दिवसा सपाट दिसणारी भिंत खड्ड्या-उंचवट्यांनी भरलेली दिसते. काम संपल्यावरही हीच बॅटरी पुन्हा लावायची.

ओल दिसली तर रंगाचा विषय तिथेच थांबवा. गळकी नळी, छत, बाहेरच्या भिंतीची भेग, जे असेल ते आधी दुरुस्त करा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. नव्या गिलाव्याला साधारण चार आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारला तरी फुगे येणारच.

घर खूप जुनं असेल तर कोरडी घासाई करू देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली, बऱ्याच देशांत त्यानंतर पुष्कळ उशिराने. ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. अशा घरात आधी रंगाची तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ते थर काढायला त्यातला जाणकार माणूस हवा, त्याचा खर्च धरा आणि मुलं व गरोदर बाई यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा.

स्वतः रंगवावं का? एखादी खोली, भिंत चांगली, रंग तोच, तर जरूर. मजुरीचा पैसा वाचतो. पण छत, जिन्याची उंच भिंत आणि भेगांत लांबी भरणं हे कारागिराचंच काम. तिथे शिडीवरून पडण्याची भीतीही असते.

मग निवड कशी करायची

अलीकडे दोन-तीन वर्षांत रंग झालेला असेल, भिंती धडधाकट असतील, तर भिंतीआड फारसं काही दडलेलं नाही. उक्तं द्या, कागदावर सगळं लिहून द्या, तोच स्वस्त मार्ग. भिंतींची खात्री नसेल तर मी दोन तुकडे करते: खरवडणं, भेगा, गिलाव्याची डागडुजी हे रोजावर आणि त्यानंतरचे प्रायमर व रंगाचे हात फुटाच्या दरावर. डागडुजीला किती दिवस लागतील हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा त्याचे पैसे दिवसांप्रमाणे. भिंत तयार झाली की पुढचं सगळं मोजता येतं, तेव्हा त्याचे पैसे मापाप्रमाणे. दारं या मापात घालू नका, त्यांचा दर नगावर ठरवा, कारण प्रायमर, घासणं आणि दोन हात ऑइल पेंट यांचा वेळ भिंतीच्या हिशेबात बसत नाही.

उचल माल आणण्यापुरती द्या. पुढचे हप्ते दिवसांवर नको, टप्प्यांवर: घासाई झाली, पहिला हात झाला, काम पूर्ण झालं. शेवटचा दहावा हिस्सा बॅटरी लावून भिंती पाहून झाल्यावर आणि टचअप झाल्यावर. हे आधीच बोलून घेतलं की चांगला कारागीर नाराज होत नाही.

आणि प्रत्येक रंगाचा अर्धा-एक लिटर उरवून घ्या. झाकण घट्ट लावून डब्यावर खोलीचं नाव, छटेचा क्रमांक आणि बॅच नंबर मार्करने लिहा. वर्षभराने टेबलाचा कोपरा लागून भिंतीवर चरा उमटेल, तेव्हा त्या एका चऱ्यासाठी पूर्ण भिंत पुन्हा रंगवायची वेळ येणार नाही.